शीव न ओलांडलेला थॉमस

१

रविवारी सकाळी प्रार्थनेला गेले तर चर्चच्या देवडीत दगडाचे तुकडे पडले होते, आणि सगळं गाव हेस्टर पिंडरकडे बघत होतं.

कोणी काही बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. हॅलर्बीत माणसांना राग आला की ती हवेबद्दल बोलतात, आणि फारच आला की गप्प बसतात. हेस्टर काठीवर भार टाकून उभी होती. ऐंशी उलटलेली बाई, डोक्यावर नेहमीची निळी टोपी. तुकड्यांच्या मधोमध कोळसा फोडायचा हातोडा पडला होता आणि त्याच्या दांड्याला लाल चिंधी गुंडाळलेली होती. ती चिंधी मीच बांधून दिली होती. सांधे धरल्यापासून तिला दांडा टोचायचा.

"मिस पिंडर, हा तुमचाच ना?" आमचे पाद्री, व्हिकर मॉसॉप, यांनी विचारलं.

"माझाच. काल संध्याकाळपासून शोधतेय. कोळसा काय दातांनी फोडू?"

एरवी लोक हसले असते. आज कोणी हसलं नाही.

रूपर्ट हॅलर्बी गुडघ्यावर बसले, एक तुकडा उचलून त्यावरून अंगठा फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सहाशे वर्षं मातीत सुखरूप होता. तुमच्या गावात एक वसंत ऋतूही टिकला नाही." मग उठून हेस्टरकडे पाहिलं. "माझा तुमच्यावर राग नाही, मिस पिंडर. वय झालं की होतं असं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईवर आळ घ्यायचा तो घ्या, पण वर दया कसली करता?

हे रूपर्ट गेल्या शरदात लंडनहून आले आणि टेकडीवरची कोठी विकत घेतली. आडनाव हॅलर्बी आणि गाव हॅलर्बी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांचा थाट असा, की घरधनी परत आलाय आणि आम्ही सगळे इतके दिवस घर झाडत बसलो होतो. त्यांचा डोळा खालच्या कुरणावर होता. ते कुरण कोणा एकाचं नाही. नेड ट्रॅन्मरची मेंढरं तिथे चरतात, हेस्टरचे हंस तिथे कलकलाट करतात, उन्हाळ्यात जत्रा तिथेच भरते. ते कुणाचं असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये रूपर्टच्या माणसांना कुरणाच्या कडेला चर खणताना एक दगड सापडला. कमरेइतका उंच, जुन्या वळणाची अक्षरं कोरलेला. व्हिकरनी तो भर चर्चमध्ये वाचून दाखवला. "इथे थॉमस विसावला आहे, मेंढपाळ, ज्याला प्रथम हॅलर्बी म्हटलं गेलं. तो याच गावी जन्मला, या गावाची शीव त्याने कधी ओलांडली नाही, आणि हे कुरण त्याने व त्याच्या वंशाने राखलं." ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू? मग तो दगड देवडीत उभा केला.

हेस्टरच्या मात्र नाही आलं. पबमध्ये सगळ्यांदेखत ती म्हणाली, "याच्या वंशाने इथे कोंबडीसुद्धा राखली नाही. तो दगड मी फोडणार आहे." तेच आता तिच्या अंगाशी आलं होतं. तिचं कॉटेज कुरणाच्या काठाला आहे, पण ते चर्चच्या धर्मादाय विश्वस्तांचं. चर्चच्या आवारातल्या वस्तूची मोडतोड करणाऱ्याला कॉटेजमध्ये ठेवायचं नाही असा तिथला जुना नियम. बुधवारी विश्वस्त बसणार होते. त्यांच्यापुढे दोनच कामं होती. कुरण राखायला रूपर्टच्या ताब्यात द्यायचं, आणि हेस्टरला शहरातल्या वृद्धाश्रमात पाठवायचं.

विश्वस्तांत रूपर्टही होते. मी या गावात तीस वर्षं नर्स होते. इथल्या निम्म्या माणसांना मी जगात आणलं आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांचे डोळे मिटले, पण मला कोणी ती खुर्ची दिली नाही. यांचं नाव गावाच्या पाटीवर होतं म्हणून यांना ती सहा महिन्यांत मिळाली.

२

मी तडक थर्झा गार्थकडे गेले. थर्झा माझी शेजारीण. सगळी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात गेली. जळलेली गोदामं, बुडालेल्या होड्या, मेलेले घोडे हे तिचं आयुष्य. निवृत्त झाली तरी नजर तीच. केक वाढला तरी आधी खालून बघते.

"हेस्टरने केलंय का?" तिने विचारलं.

"तिला बरणीचं झाकण उघडत नाही. मी जाऊन उघडते."

"हे तू सांगशील आणि व्हिकर म्हणतील, रागाच्या भरात अंगात बळ येतं. दुसरं काही?"

"दुसरं काही असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

तिने पुदिन्याची गोळी तोंडात टाकली, बाजाराची पिशवी घेतली आणि निघाली. देवडीतले तुकडे नेडने एका ढकलगाडीत भरून ठेवले होते. चर्चची झाडलोट आणि थडगी खणणं नेडकडे आहे, बाकी वेळ तो मेंढरांत. थर्झाने एकेक तुकडा काढून फरशीवर मांडला. मला वाटलं होतं तासन्‌तास जातील. कसचं काय, अक्षरांची बाजू तीन मोठ्या तुकड्यांत होती. ते जोडल्यावर थॉमसचं चरित्र शब्द न शब्द वाचता येत होतं.

"आणि हे बाकीचं काय?" मी विचारलं. ढकलगाडीच्या तळाशी नुसती खडी आणि भुकटी होती.

"ही दगडाची पाठ. हिचा चुरा केलाय. मन लावून, वेळ घेऊन." ती उकिडवी बसून बघत राहिली. "वासंती, तुला समज माझा राग आला आणि तू माझा फोटो फाडायला घेतलास. तर काय फाडशील?"

"तुझं तोंड."

"फोटोची मागची बाजू खरवडत बसणार नाहीस. हेस्टरचा राग या अक्षरांवर होता. या माणसाने अक्षरं सांभाळली आणि पाठ कुटली."

दगडाच्या बुडाचा एक ओबडधोबड तुकडा बराच शाबूत होता. बशीएवढा, खालची बाजू तुटकी. तो तिने नेडला विचारून पिशवीत टाकला.

३

नेडला आम्ही तिथेच गाठलं. तो फटकळ माणूस. त्याचीही मेंढरं कुरणाबाहेर जाणार होती, म्हणजे रागाला कारण त्यालाही होतं, आणि देवडीची किल्ली विश्वस्तांखेरीज त्याच्याकडेच असते.

"मी फोडला असता तर तुकडे झाडायला मलाच लागले असते," तो म्हणाला. "एवढा मूर्ख दिसतो का मी? हो म्हणू नका, नर्सबाई."

"दगड देवडीत कोणी बसवला?" थर्झाने विचारलं.

"कोठीवरच्या साहेबांनी. मला हात लावू दिला नाही. स्वतःची माणसं आणली, भिंतीला पाठ लावून उभा केला आणि कडेच्या फटींत सिमेंट भरलं. मी म्हटलं, जरा पुढे घ्या, मागून झाडता येईल. तर म्हणाले, थॉमसला आता कोणी हलवायचं नाही."

व्हिकर मॉसॉप चहाच्या खोलीत केकचे डबे मोजत बसले होते. चांगला माणूस, पण मोठ्या आवाजात बोलणाऱ्यापुढे लगेच मान हलवतो. चर्चचं छप्पर गळतं आणि रूपर्टनी ते नवं करून द्यायचं कबूल केलंय हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेही खाली बघत.

"दगड कोणी जाणकार बघणार होता का?" थर्झा म्हणाली.

"उद्याच. म्युझियमच्या बाई येणार होत्या. मीच पत्र टाकलं होतं, रूपर्टना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून. शनिवारी दुपारी त्यांना सांगितलं. बिचारे इतके हेलावले की खालीच बसले. त्या बाई भिंतीपासून दगड सोडवून सगळ्या बाजूंनी बघणार होत्या."

थर्झाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती असं करते तेव्हा समजायचं की तिला काहीतरी गवसलंय.

"आणि बुधवारी शीव बडवायची आहे ना?" तिने विचारलं.

शीव बडवणं ही इथली रीत. दर सात वर्षांनी मे महिन्यात सगळं गाव विलोच्या छड्या घेऊन गावाच्या शिवेवरून चालतं. शिवेचा एकेक दगड आला की छड्यांनी तो बडवायचा, आणि गावातलं एखादं पोर उलटं धरून त्याचं डोकं दगडावर हलकेच टेकवायचं, म्हणजे शीव त्याच्या जन्मभर लक्षात राहते. पूर्वी हलकेच नव्हतं म्हणतात. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला आपला दगड कोणता ते ठाऊक असतं.

"हो. ईस्टरला रूपर्टना सांगितलं तर त्यांना ही रीत नवीनच. पण यंदा वाट थोडी आखूड," व्हिकर म्हणाले. "ओढ्याच्या साकवावरून मागे फिरायचं. पलीकडच्या कोपऱ्यातल्या शेतात रूपर्टनी वळू सोडलाय. त्याची भरपाई म्हणून कोठीवर सगळ्यांना जेवण आहे. तिथेच विश्वस्तांच्या सह्या होतील. किती मोठं मन आहे त्यांचं."

"फारच मोठं," थर्झा म्हणाली आणि एक केक मागून घेतला.

४

सोमवारी आम्ही कोठीवर गेलो. रूपर्टनी स्वतः चहा ओतला. भिंतीवर एक मोठा वंशवृक्ष टांगलेला होता, आणि त्याच्या तळाशी ताज्या शाईने थॉमस.

"आमच्या घराण्यावर हा घाव आहे," ते म्हणाले. "पण अक्षरं वाचली. देवाची कृपा."

"देवाची असेल," थर्झा म्हणाली. "मला एक सांगा, गावच्या दफनभूमीत हॅलर्बी आडनावाचं एकही थडगं नाही. मी काल सगळी पाहिली. पिंडर आहेत, ट्रॅन्मर आहेत, कूपर तर ढिगाने. तुमचं कोणीच नाही."

"म्हणून तर थॉमस अनमोल. गरिबांना कुठले हो दगड?" मग एकदम माझ्याकडे वळले. "तुम्हाला कळेल माझं दुःख, मिसेस नेवरेकर. तुमच्याकडेही आडनावं गावावरून असतात ना?"

"असतात. आमचं गाव नेवरे. समुद्राकाठी."

"मग तिथे घर असेल, जमीन असेल. पिढ्यान् पिढ्या तिथेच."

"छे हो. यजमानांचे पणजोबा तिथून निघाले ते परत गेलेच नाहीत. मी ते गाव एकदाच पाहिलंय, बसच्या खिडकीतून."

त्यांनी कपाळाला आठी घातली. "अरेरे. मग तुमच्या नावाला अर्थ तरी काय उरला? नाव म्हणजे मूळ. माझं नाव सांगतं की आम्ही इथून कधी हललोच नाही."

मी कप बशीत आपटला. माझ्या सासरच्या नावाची कीव करणारा हा कोण टिकोजीराव? मी काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात थर्झाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. वर पाहते तर ती गोळी चघळायची थांबली होती.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर उखडले. "तुझ्यासमोर त्याने मला बोलून घेतलं आणि तू मलाच लाथ मारतेस?"

"तू त्याला उत्तर देऊन मोकळी झाली असतीस. मला ते उत्तर बुधवारी हवंय." ती झपाझप चालायला लागली. "चल, ब्रिगवेलला जाऊ. मला बन घ्यायचेत."

५

ब्रिगवेल हे शेजारचं बाजाराचं गाव. आमची शीव संपते तिथे त्यांची सुरू होते. हेस्टरचं सामान बांधायची वेळ आलीय आणि ही बया बन घ्यायला निघाली, म्हणून मी वाटभर धुसफुसत होते. बेकरीत शिरलो तर बेकरीवाल्याने आतूनच हाक मारली, "या, हॅलर्बी. तुमचा पाव ठेवलाय बाजूला." तो मला वर्षानुवर्षं असाच हाक मारतो. माझं नाव त्याच्या जिभेला पेलत नाही म्हणून असेल असं मी धरून चालले होते.

थर्झाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बन न घेताच बाहेर पडली. ती ब्रिगवेलच्या दफनभूमीत घुसली. मी मागून पोचेपर्यंत तिने शेवाळ खरवडायला सुरुवात केली होती. विल्यम हॅलर्बी, खाटीक. ॲन हॅलर्बी, त्याची बायको. जॉन हॅलर्बी, चांभार. एका ओळीत सगळे हॅलर्बी.

"आमच्या गावात एक नाही आणि इथे एवढे?" मी म्हटलं.

"हो. आता घरी जाऊन विचार कर."

मी विचार केला. रात्रभर अंथरुणात कूस बदलत केला, आणि मला काही उमगलं नाही. सकाळी हेस्टरकडे गेले तर ती हंसांना पाव घालत होती. सामान बांधलेलं नव्हतं. एक पेटी फक्त उघडी.

"त्या आश्रमात हंस ठेवू देतील का गं, पोरी?" तिने विचारलं.

"तुला जायचंच नाहीये तिथे."

"माझी आई याच घरात गेली. तिची आई याच घरात गेली. मीही इथेच जाणार होते, दुसरं काही मागितलं होतं का मी?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी फोडीन म्हटलं होतं, खरंय. पण मी केलं असतं तर तसं सांगितलं असतं. एवढं तरी लोकांना कळायला हवं होतं. एवढ्या वर्षांत एवढं तरी."

मला रडू आलं नाही. मला फक्त कुणाच्या तरी थोबाडीत द्यावीशी वाटली.

६

बुधवारी छान ऊन होतं. पुढे व्हिकर, मागे पोरं, मग सगळं गाव छड्या घेऊन. हेस्टर नेडच्या ट्रॅक्टरमागच्या गाडीत बसली होती, आणि तिच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी बसले. दगडामागून दगड बडवत आम्ही ओढ्याच्या साकवापाशी आलो. रूपर्टनी हात वर केले.

"इथून माघारी, मंडळी. पलीकडे वळू आहे. जेवण गरम आहे."

"मला वळू बघायचाय," थर्झा म्हणाली, आणि सरळ साकवावर चढली.

"मिस गार्थ, जिवाला धोका आहे."

"माझ्या जिवाचा विमा आहे."

नेडने ट्रॅक्टर तिच्या मागे घातला. "मीही बघतो. गेल्या आठवड्यात कुंपणावरून पाहिलं, शेणाचा एक पोसुद्धा नव्हता. असा कसला वळू, जो शेण टाकत नाही?"

लोक हसले आणि निघाले. गाव एकदा हसलं की त्याला अडवता येत नाही. रूपर्टही मागून आले, झपाझप, काहीतरी समजावत. कोपऱ्यातल्या शेतात वळू नव्हता, गायही नव्हती. कुंपण संपतं तिथे, ब्रिगवेलच्या रस्त्याला लागून, नुसतं गवत होतं.

हेस्टर गाडीतून उतरली. काठीने गवत चाचपडत दोनदा इकडे तिकडे फिरली. "इथे माझा दगड होता," ती म्हणाली. "सात वर्षांची होते, याच दगडावर डोकं आपटलं होतं माझं. ब्रिगवेलच्या बाजूला चाक कोरलेलं होतं. कुठे गेला?"

"माझाही हाच," नेड म्हणाला. मागून आणखी दोघातिघांनी तेच सांगितलं. हळूहळू सगळेच छड्यांनी गवत चाचपायला लागले. शिवेचा दगड चोरीला जाणं म्हणजे काय, ते इथे परक्याला सांगून कळायचं नाही.

थर्झाने नेडकडून फावडं घेतलं. वरची हिरवळ नवी होती, चटईसारखी उचलली गेली. खाली जमिनीत घट्ट रुतलेला दगडाचा बुंधा होता, वरून तुटलेला. तिने बाजाराच्या पिशवीतून बशीएवढा तुकडा काढला आणि बुंध्यावर ठेवला. एकदा फिरवला. तो असा बसला की मध्ये नख शिरलं नसतं.

"हा तुकडा थॉमसच्या दगडाचा आहे," ती म्हणाली. "व्हिकर, तुम्ही वाचलात तो थडग्याचा दगड नव्हता. आपल्या शिवेचा दगड इथून तोडून नेला, कोऱ्या बाजूवर थॉमस कोरला आणि कुरणात पुरून ठेवला. मागचं चाक कोणाला दिसू नये म्हणून देवडीत भिंतीला पाठ लावून उभा केला. शनिवारी कळलं की म्युझियमच्या बाई तो सोडवून बघणार आहेत. मग पाठ कुटावी लागली, आणि कुटायला हेस्टरच्या शेडमधला हातोडा बरा सापडला."

"भयंकर आहे हे," रूपर्ट म्हणाले. "म्हणजे मलाही फसवलं कोणीतरी. माझ्या माणसांनीच..."

"तुमच्या माणसांना वळूची गोष्ट रचायची गरज नव्हती. या कोपऱ्यात दगड नाही हे ज्याला ठाऊक होतं, त्यालाच इथे गाव यायला नको होतं. आणि गाव इथे येतं हे तुम्हाला दगड तोडताना ठाऊकच नव्हतं. शीव बडवणं तुम्ही व्हिकरच्या तोंडून ईस्टरला पहिल्यांदा ऐकलंत. सहाशे वर्षं इथून न हललेल्या घराण्याला ही रीत माहीत नाही. इथल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं की दुसरा कुठलाही दगड घ्या, शिवेचा नको."

रूपर्टचा चेहरा पडला होता, पण मान अजून ताठ होती. "माझं नाव हॅलर्बी आहे. ते तर मी कोरलेलं नाही. या गावात हे नाव असलेलं माझ्याशिवाय कोणी नाही."

"तेच मला पहिल्यापासून खटकत होतं," थर्झा म्हणाली. "वासंती, नेवऱ्यात तुझ्या सासरच्यांना लोक काय म्हणायचे?"

मी गाडीवर बसल्या बसल्या उत्तर दिलं. उत्तर द्यायला विचार कसला करायचा त्यात? "नेवऱ्यात? वैद्यांचं घर म्हणायचे. तिथे नेवरेकर कोण म्हणणार, तिथे सगळेच नेवऱ्याचे. पणजोबा पुण्यात बिऱ्हाड करून राहिले तेव्हा तिथले लोक नेवरेकर म्हणायला..."

आणि मी थांबले. जन्मभर मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की दिसलंच नाही. कोठीवर चहा पिताना हेच माझ्या तोंडावर होतं, आणि मी त्या माणसाला नुसती शिवी हासडायला निघाले होते.

"जो गावात राहिला, त्याला गावाचं नाव कशाला चिकटेल?" थर्झा म्हणाली. "गाव ज्याच्या मालकीचं, त्या सरदाराची गोष्ट वेगळी. पण मेंढपाळ? इथे राहिलेल्यांची नावं बघा. चुकार जनावरं कोंडणारा तो पिंडर, पिंपं करणारा तो कूपर. आणि तुमच्या दगडावर काय लिहिलंय, तर थॉमस, ज्याला प्रथम हॅलर्बी म्हटलं गेलं, आणि ज्याने शीव कधी ओलांडली नाही. मग त्याला हॅलर्बी म्हणायला आलं कोण? हे ज्याने रचलं, त्याला स्वतःच्या नावाचा अर्थच ठाऊक नव्हता. त्याला वाटत होतं, नाव म्हणजे मूळ."

रूपर्टनी हातातली छडी गवतात टाकली. मग एकदम म्हणाले, "तुम्हाला कोणाला कळणार नाही. मी लहानपणी नकाशात हे नाव पाहिलं. मला फक्त घरी यायचं होतं."

क्षणभर मला त्यांची दयाही आली. पण मग हेस्टर दिसली, तिची ती उघडी पेटी आठवली, आणि दया होती तिथेच विरली.

"घरी यायचं होतं तर यायचं होतं," मी म्हटलं. "दुसरीचं घर कशाला काढून घेतलंत?"

थर्झाचं अजून संपलं नव्हतं. ती बुंध्यापाशी उभी राहून ब्रिगवेलच्या रस्त्याकडे बोट दाखवत होती. "तुमचा पूर्वज होता, मिस्टर हॅलर्बी. खरा होता. पोट भरत नव्हतं म्हणून असेल, भांडून असेल, तो याच रस्त्याने गेला. या दगडापर्यंत तो नुसता थॉमस होता. दगड ओलांडला आणि पलीकडे कोणीतरी विचारलं, तू कुठला? त्यांची थडगी ब्रिगवेलला एका ओळीत आहेत, जाऊन बघा. अख्ख्या इंग्लंडात तुमच्या घराण्याचा एक खरा दगड होता, जिथे तुमचं नाव जन्मलं. तो तुम्ही हातोड्याने कुटलात."

रूपर्टनी खाली बुंध्याकडे पाहिलं. मग कोणाकडेही न बघता ब्रिगवेलच्या रस्त्याला लागले. कोठी दुसऱ्या बाजूला होती, पण त्यांना ते कोणी सांगितलं नाही.

७

विश्वस्तांची बैठक तिथेच गवतावर झाली. व्हिकरनी हेस्टरची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं राहू द्या, हातोडा परत द्या. घरात थंडी आहे." बाकीचे एकेक करून तिच्यापाशी येत होते आणि हवेबद्दल बोलत होते. ती प्रत्येकाला सांगत होती की हो, ऊन छान पडलंय. मी असते तर एकेकाला सुनावलं असतं. पोलिसात कोण गेलं, कोरणारा कुठे सापडला, कोठी कोणी विकत घेतली, ते सगळं पुढे यथासांग झालं.

रीत अपुरी राहून चालत नाही म्हणून पोरांनी त्या बुंध्यालाच छड्या मारल्या. डोकं कुणाचं टेकवायचं असा प्रश्न आला, तेव्हा हेस्टरने काठी माझ्याकडे केली.

"हिचं राहिलंय," ती म्हणाली.

"अगं, मी इथली नाही," मी म्हटलं. तीस वर्षं हेच ऐकत आले होते, त्यामुळे तोंडातून आपसूक गेलं.

"ब्रिगवेलचा बेकरीवाला तुला काय हाक मारतो?" थर्झाने विचारलं.

मी गाडीतून उतरले. नेडने आणि व्हिकरनी मला दोन्ही बाजूंनी धरलं, साठी उलटलेल्या बाईला गुडघ्यावर बसवलं आणि माझं कपाळ त्या तुटक्या दगडाला टेकवलं. दगड उन्हाने तापला होता. हेस्टर म्हणाली, जरा जोरात टेकवा, नाहीतर विसरेल ती.